पडून राहणारे भांडवल आणि विजेची मोटार

विजेवर चालणारी मोटार घेऊ इच्छिणारा मध्यमवर्गीय गृहस्थ पहिला प्रश्न विचारतो तो असा : बॅटरी एकदा भरली की गाडी किती किलोमीटर जाईल? विक्रेत्याचे उत्तर तयार असते आणि ते बहुधा अधिक मोठ्या, अधिक महाग बॅटरीकडे नेणारे असते. गाडी रोज किती धावते आणि उरलेला वेळ ती कोठे उभी असते, हा खरा प्रश्न. तो दुकानात कोणी विचारीत नाही आणि सरकारी धोरणातही त्याला फारसे स्थान मिळालेले नाही.

बॅटरीची धारणशक्ती किलोवॅट-तासांत मोजतात. एक किलोवॅट-तास म्हणजे वीजबिलातील एक युनिट. मध्यम आकाराची मोटार आपल्या रस्त्यांवर एका युनिटात साधारणपणे सहा ते आठ किलोमीटर जाते. कोथरूडहून हडपसरला कामावर जाऊन परत येणाऱ्या माणसाला दिवसाकाठी पाच युनिटे पुरतात. २०२२ साली आलेल्या टियागोत १९ किंवा २४ युनिटांची बॅटरी होती; २०२४ च्या अखेरीस आलेल्या महिंद्रांच्या बीई ६ मध्ये ती ५९ किंवा ७९ युनिटांची आहे. ७९ युनिटांची गाडी घेऊन रोज पाच युनिटे खर्च करणारा मालक आपल्या भांडवलाचा सोळावा हिस्सा कामाला लावतो. उरलेले भांडवल नुसते पडून राहते असेही नाही. ते बरोबर वाहून न्यावे लागते. युनिटामागे सहा-सात किलो वजन धरले तर अशी बॅटरी पाच क्विंटलांच्या घरात जाते. एकट्या माणसाला कचेरीत पोचविण्यासाठी ज्वारीची पाच पोती रोज शहरभर फिरविण्याचा हा प्रकार आहे!

आज वापरली नाही तर ही शक्ती उद्यासाठी शिल्लक राहील, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. लिथियमची बॅटरी वापराने झिजते तशीच नुसत्या काळानेही झिजते. छोटी बॅटरी वारंवार भरावी लागते आणि म्हणून लवकर संपते, असा आक्षेप घेतला जातो. तोही हिशेबाने तपासावा. २४ युनिटांची बॅटरी एका पूर्ण आवर्तनात दीडशे किलोमीटर नेते. हजार आवर्तने धरली तरी दीड लाख किलोमीटर होतात. वर्षाला दहा हजार किलोमीटर चालविणाऱ्याला त्यासाठी पंधरा वर्षे लागतील. तोवर मोठी बॅटरीही वयाने थकलेली असेल आणि तिचा न वापरलेला हिस्सा तिच्याबरोबरच जुना झालेला असेल.

मग गावाला जावयाचे तेव्हा काय करावे? खेड्यापाड्यांत लग्नकार्यासाठी गावकीची भांडी असत. पाचशे पानांचा स्वयंपाक होईल एवढी पातेली प्रत्येकाने आपल्या घरात बाळगावी, असे कोणाला वाटले नाही. महामार्गावरील भारण-केंद्र हे गावकीचे भांडे आहे. वर्षातून दहा-पंधरा वेळा लागणारी शक्ती सामाईक असावी, रोज लागणारी तेवढी घरची असावी. दिवसाला दोनशे-अडीचशे किलोमीटर धावणाऱ्या टॅक्सीवाल्याची गोष्ट निराळी. त्याला मोठी बॅटरी हे श्रमाचे साधन आहे आणि त्याने ती जरूर घ्यावी.

बॅटरी भरण्याच्या सवयींनाही हाच न्याय लागू आहे. निकेल-कोबाल्टची बॅटरी रोज काठोकाठ भरू नये. वीस ते ऐंशी टक्क्यांच्या दरम्यान ती अधिक काळ टिकते. लोह-फॉस्फेटची बॅटरी पूर्ण भरणे अधिक सोसते; मापक बरोबर राहावा म्हणून काही उत्पादक तर ती अधूनमधून पूर्ण भरण्यास सांगतात. (काँगोच्या खाणींतील कोबाल्ट तिला लागत नाही, हा तिचा दुसरा गुण.) दोहोंचा शत्रू उष्णता. पूर्ण भरलेली गाडी जळगाव-नागपूरच्या वैशाखात दिवसभर उन्हात उभी करणे सर्वांत वाईट. अतिजलद भारणही नडीच्या वेळेपुरते ठेवावे. घरातील पंधरा अँपिअरच्या साध्या सॉकेटमधून आठ तासांत वीसेक युनिटे मिळतात, म्हणजे सव्वाशे किलोमीटरांहून अधिक. यापेक्षा जास्त रोज कितीजणांना लागते?

परंतु ते सॉकेट कोणाला उपलब्ध आहे, येथे प्रश्नाचे खरे मूळ आहे. बंगलेवाल्याची गाडी त्याच्या भिंतीला टेकून उभी असते. चाळीत किंवा जुन्या सोसायटीत राहणाऱ्याची गाडी रस्त्यावर असते. पहिला घरगुती दराने वीज भरतो. दुसऱ्याला सार्वजनिक केंद्रावर चढा दर आणि त्यावर १८ टक्के जीएसटी द्यावा लागतो. ज्याची ऐपत कमी त्याला वीज महाग! शिवाय सॉकेटची खात्री नाही म्हणून तोच भीतीपोटी मोठ्या बॅटरीचे कर्ज काढतो. सार्वजनिक सोयीचा अभाव खाजगी भांडवलाने भरून काढण्याचा हा जुनाच मार्ग आहे. नळाला पाणी नाही म्हणून प्रत्येक गच्चीवर टाकी बसते तसा.

आणखी एक विसंगती आहे. सूर्यापासूनची वीज दुपारी मुबलक असते. महावितरणने जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर युनिटमागे सवलत दिली. (स्मार्ट मीटरविषयीचे आक्षेप आपल्या जागी आहेतच.) पण त्या वेळी नोकरदाराची गाडी घरी नसते, कारखान्याच्या किंवा कचेरीच्या आवारात असते. घरी वीज स्वस्त होते तेव्हा गाडी दूर, आणि गाडी घरी येते तेव्हा संध्याकाळची सर्वाधिक मागणीची वेळ!

शासनाने या गोष्टींचा विचार केला असे दिसत नाही. महाराष्ट्राच्या २०२१ च्या धोरणात मोटारीला बॅटरीच्या युनिटामागे ५,००० रुपये, कमाल दीड लाखापर्यंत अनुदान होते. म्हणजे तीस युनिटांपर्यंत मोठ्या बॅटरीला मोठे बक्षीस. विजेच्या गाडीवर ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के जीएसटी आहे, मग ती टियागो असो की परदेशी बनावटीची आलिशान गाडी. २०२५ च्या धोरणाने अटल सेतू, समृद्धी महामार्ग आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर टोलमाफी दिली तीही याच न्यायाने. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत खाजगी मोटारींना वगळून बसगाड्यांसाठी ४,३९१ कोटी रुपये ठेवले, हे मात्र योग्य झाले. मोठ्या मोटारींच्या चार बॅटऱ्यांत एक पूर्ण लांबीची बस चालते, आणि तिची बॅटरी रोज जवळजवळ रिकामी होईपर्यंत राबते.

कामगार संघटनांनी उपाहारगृह आणि सायकल-स्टँड या सोयी मागणीपत्रांतूनच मिळविल्या आहेत. पुढील वाटाघाटींत सायकल-स्टँडवर आणि वाहनतळावर पंधरा अँपिअरची सॉकेटे, स्वतंत्र मीटर आणि दिवसाचा सवलतीचा दर ही कलमे घालावयास हरकत नाही. स्टँडवर मोटारींपेक्षा विजेच्या स्कूटरच अधिक असतील. त्यांची बॅटरी दोन-तीन युनिटांची असते आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिचे काम बरेचसे झालेले असते.