संसदेनं नाकारलेलं मागच्या दारानं येतंय? सॉफ्टवेअर पेटंटचा वाद आणि राळेगणचा धडा

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कुठल्याही दूध संकलन केंद्रावर सकाळी जा. यंत्र फॅट आणि एसएनएफ मोजतं, संगणक दर लावतो आणि काही क्षणांत शेतकऱ्याच्या मोबाइलवर मेसेज येतो. हा हिशेब करणारं सॉफ्टवेअर अनेकदा मोठ्या कंपनीचं नसतं. तालुक्याच्या गावात दोन-चार मुलांनी मिळून ते लिहिलेलं असतं. पतसंस्थांचंही तेच. उद्या कुणी म्हणालं, 'हिशेबाची ही पद्धत आमच्या मालकीची आहे', तर?

भारतात आज अशी मालकी सहजासहजी मिळत नाही. त्यामागे कायद्यातली एक छोटी ओळ आहे आणि तिच्यावरून २० वर्षांहून अधिक काळ ओढाताण सुरू आहे.

कॉपीराइट आणि पेटंट: फरक काय?

कोड लिहिला की त्यावर कॉपीराइट आपोआप मिळतो. तो कोड दुसऱ्याला उचलता येत नाही, पण तेच काम करणारा कोड स्वतः नव्यानं लिहिता येतो. पेटंट मात्र थेट पद्धतीवर असतं. कुणाचंही न पाहता, स्वतःच्या डोक्यानं तीच पद्धत वापरली तरी पेटंटधारकाची परवानगी लागते आणि पेटंटची मुदत २० वर्षांची असते. मोठ्या कंपनीकडे वकिलांची फौज असते. पाथर्डी किंवा श्रीगोंद्यातल्या दोन माणसांच्या ऑफिसला एका नोटिशीला उत्तर देणंही जड जातं.

भारतात नेमकं काय घडलं?

पेटंट कायद्याचं कलम ३(के) सांगतं की गणिती पद्धत, व्यवसायाची पद्धत, अल्गोरिदम आणि निव्वळ संगणक प्रोग्राम यांना पेटंट मिळणार नाही. डिसेंबर २००४ मध्ये केंद्र सरकारनं अध्यादेश काढून यात फट ठेवली. प्रोग्रामचा उद्योगात तांत्रिक वापर होत असेल किंवा तो हार्डवेअरशी जोडलेला असेल, तर पेटंटचा मार्ग मोकळा होणार होता. तेव्हाचं यूपीए सरकार डाव्या पक्षांच्या पाठिंब्यावर उभं होतं आणि डाव्यांचा या बदलाला विरोध होता. मार्च २००५ मध्ये संसदेनं पेटंट दुरुस्ती विधेयक मंजूर केलं, तेव्हा ही तरतूद त्यातून गळाली होती.

त्याच सुमारास युरोपातही असंच घडत होतं. युरोपियन कमिशननं २००२ मध्ये आणलेल्या मसुद्याच्या पाठीशी नोकिया, सीमेन्स, फिलिप्ससारख्या बड्या कंपन्या होत्या, तर विरोधात छोटे उद्योजक आणि प्रोग्रामर. डिसेंबर २००४ मध्ये तर हा विषय चर्चेविना मंजूर करण्यासाठी चक्क कृषी आणि मत्स्यव्यवसाय मंत्र्यांच्या बैठकीत ठेवला गेला. पोलंडनं हरकत घेतली म्हणून तो तेव्हा टळला. अखेर ६ जुलै २००५ रोजी युरोपियन संसदेनं ६४८ विरुद्ध १४ मतांनी मसुदा फेटाळला. तरीही 'तांत्रिक परिणाम' दाखवणाऱ्या सॉफ्टवेअर-आधारित शोधांना युरोपियन पेटंट ऑफिस पेटंट देत राहिलं.

मग लढाई कुठे सरकली?

भारतातही लढाई सभागृहातून कार्यालयात गेली. ऑगस्ट २०१५ मध्ये पेटंट कार्यालयानं संगणकाशी संबंधित शोध तपासण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या कायद्याच्या पलीकडे जातात, असा आक्षेप स्वयंसेवी संस्था आणि देशी सॉफ्टवेअर उद्योगातल्या काहींनी घेतला. डिसेंबरमध्ये सूचना स्थगित झाल्या. फेब्रुवारी २०१६ च्या नव्या सूचनांनी नवीन हार्डवेअरची अट घातली. जून २०१७ मध्ये ती अटही गेली. २०२५ मध्ये सूचना पुन्हा बदलल्या. या सगळ्या काळात कलम ३(के) मधला एक शब्दही बदललेला नाही!

दुसरी बाजूही आहे. संशोधनावर वर्षानुवर्षं पैसा लावणाऱ्याला संरक्षण हवं, हा कंपन्यांचा युक्तिवाद पोकळ नाही. दिल्ली उच्च न्यायालयानंही २०१९ मध्ये फरीद अलानी प्रकरणात स्पष्ट केलं की संगणक प्रोग्रामवर आधारित प्रत्येक शोध पेटंटसाठी अपात्र ठरत नाही. वैद्यकीय उपकरण किंवा गाडीच्या ब्रेकमधला खरा तांत्रिक शोध आणि दुधाचा हिशेब यांना एकाच तराजूत तोलता येणार नाही.

खरा प्रश्न वेगळा आहे. ही रेषा कुठे ओढायची, हे ठरताना कुणाचं म्हणणं ऐकलं गेलं? कंपन्यांनी आपली बाजू मांडणं गैर नाही. पण ती बंद दाराआड मांडली तर तिचं उत्तर कुणी द्यायचं? युरोपियन संसद आणि कमिशननं २०११ पासून अशा गटांची सामाईक नोंदवही ठेवली आहे. भारतात लॉबिंगची नोंद सक्तीची करणारा कायदाच नाही.

अहिल्यानगरला हे वेगळं सांगायला नको. सरकारी कागद लोकांना दिसलाच पाहिजे, हा आग्रह पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीतून अण्णा हजारे यांनी राज्यभर नेला. युरोपनं मसुदा फेटाळला त्याच २००५ मध्ये, १२ ऑक्टोबरला, देशात माहिती अधिकार कायदा लागू झाला. पण १० रुपयांच्या अर्जावर कागद तेव्हाच मिळतो, जेव्हा तो तयार झालेला असतो. न नोंदवलेल्या बैठकीचा कागद कुठून येणार?

म्हणून मागणी साधी हवी. पेटंटच्या सूचना बदलताना कोण भेटलं, काय मागितलं आणि त्यातलं काय मान्य झालं, हे कार्यालयानं स्वतःहून वेबसाइटवर टाकावं. मसुदा मराठीसह भारतीय भाषांतही यावा. रेषा बदलायचीच असेल तर ती संसदेत, सगळ्यांसमोर बदलावी. दूध केंद्राचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मुलांना दिल्लीतल्या बैठकीचं निमंत्रण मिळणार नाही. निदान तिथे काय ठरलं, हे तरी त्यांना कळायला हवं.