‘भटका’ या शब्दाविषयी

अल्लीपूरसारख्या गावाच्या वेशीवर एखाद्या सकाळी अनोळखी कुत्रे दिसते. गळ्यात पट्टा तसाच असतो. आपण त्याला ‘भटके’ म्हणून मोकळे होतो. आमचा आक्षेप या शब्दालाच आहे. ‘भटके’ म्हटले की भटकणे हा त्या प्राण्याचाच स्वभाव ठरतो आणि त्याला सोडून जाणारा माणूस वाक्यातून नाहीसा होतो. कायदा कर्त्याला विसरत नाही: उपासमार होईल अशा स्थितीत प्राणी सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड मात्र १० ते ५० रुपये. पट्टासुद्धा याहून महाग मिळतो!

भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आपण वर्गात उमाळ्याने शिकवतो. ते कुत्रे रात्री कोठे निजले, हे विचारीत नाही. वर्ध्याजवळ पिपरी (मेघे) येथील करुणाश्रमासारख्या ठिकाणी मात्र याच प्रश्नाचे उत्तर रोज शोधावे लागते. तेथे जखम भरते. घराचे दार दुसऱ्या कोणाला तरी उघडावे लागते. विदेशी जातीसाठी ते बहुधा लवकर उघडते. गावठी पिल्लू ‘राखणीला चालेल का?’ एवढेच विचारले जाते, आणि मादी असेल तर तेवढेही नाही.