वर्गणीआधी खर्रा सोडा

विजेच्या ब्रशची वर्गणी घ्यावी, हा सल्ला देणारे पत्र वाचले. ब्रशचा लाभ खरा आहे. कॉक्रेन संस्थेच्या २०१४ च्या वैद्यकीय आढाव्यानुसार तीन महिन्यांहून अधिक वापरात साध्या ब्रशपेक्षा दातांवरचा थर २१ टक्के आणि हिरड्यांचा दाह ११ टक्के कमी आढळला. हात थरथरणाऱ्या वृद्धांना विजेचा ब्रश उपयोगीच. मात्र वर्गणीत मुख्यतः ब्रशचे नवे डोके येते. ते सुटेही मिळते. धानाच्या हंगामावर चालणाऱ्या लाखांदूरच्या घरांनी वर्गणीला बांधील का व्हावे? फ्लोराइडची पेस्ट, दिवसातून दोनदा दोन मिनिटे घासणे आणि तीन-चार महिन्यांनी नवा साधा ब्रश पुरतो. वर्गणीचे पैसे दंततपासणीला लावा. आणि आधी तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडा. तो खाणाऱ्याचे तोंड कोणताही ब्रश वाचवू शकत नाही.

– एक वाचक, लाखांदूर (जि. भंडारा)