अपघाताच्या खात्यावर वाङ्मय

घोडा पडला म्हणून जगास एक कादंबरीकार लाभला, असें २०१० सालीं वारलेल्या डिक फ्रान्सिसविषयीं लिहितांना परीक्षक हटकून म्हणतात. वाक्य गोड आहे. खरें मात्र नाहीं. मोडलेलें हाड कोणासहि लिहावयास शिकवीत नाहीं. तसें असतें तर अस्थिरोगाच्या वॉर्डांतून दरसाल कादंबऱ्यांचे गठ्ठे बाहेर पडते!

हकीकत साधी आहे. १९५३-५४ च्या हंगामांत अडथळ्यांच्या शर्यतींत अग्रेसर ठरलेला हा इंग्रज स्वार १९५७ सालीं एका जबर पडण्यानंतर खोगिरावरून कायमचा उतरला. (१९५६ सालीं राजमातेचा 'डेव्हन लॉख' हा घोडा ग्रँड नॅशनल जिंकतां जिंकतां पोटावर बसला, त्याचा स्वार हाच.) 'डेड सर्ट' ही त्याची पहिली कादंबरी निघाली १९६२ मध्यें. मधलीं पांच वर्षें परीक्षकांच्या हिशेबांत कोठें गेलीं? त्या काळांत तो 'संडे एक्स्प्रेस' साठीं शर्यतींवर लिहीत होता. एकंदर सोळा वर्षें त्यानें तें काम केलें. ठरलेल्या दिवशीं, ठरलेल्या जागेंत, अर्थ सांडूं न देतां वाक्य बसविण्याची विद्या त्यानें तेथें कमावली. घरखर्चाची निकडहि होती, आणि ती त्यानें लपविली नाहीं. शिवाय पत्नी मेरी हिचा संशोधनांत व हस्तलिखितांत एवढा वांटा होता कीं, खरा लेखक कोण, असा वाद १९९९ सालीं माजला. अपघातास श्रेय देणाऱ्यांना ही बाई दिसतच नाहीं, हें विशेष!

पण खरा पुरावा त्याच्या पुस्तकांतच आहे. १९६५ च्या 'ऑड्स अगेन्स्ट' चा नायक सिड हॅली हा हात निकामी होऊन शर्यतींतून बाद झालेला स्वार. तो हात तो खिशांत लपवितो. त्याला त्याची लाज वाटते, आणि गेलेल्या घोडेस्वारीचें दुःख गुप्तहेराच्या नव्या धंद्यानें भरून निघत नाहीं. पडणें म्हणजे काय हें ज्यास ठाऊक होतें, त्यानें त्यास वरदान म्हटलें नाहीं. मग आरामखुर्चींत बसून तसें म्हणण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला? यांत स्वाराचाहि अपमान आहे, कारण त्याचें पहिलें आयुष्य म्हणजे जणूं लेखकपणाची नुसती पायरी. आणि लेखकाचाहि, कारण त्याचे कष्ट म्हणजे केवळ दैवाची भरपाई.

पुढल्या खेपेस फ्रान्सिसवर लिहिणारानें इस्पितळाची कथा बाजूस ठेवावी, एखादें प्रकरण उघडावें, आणि त्याच्या शर्यतींच्या वर्णनांत क्रियापदें कशीं धांवतात तेवढें आम्हांस सांगावें.