जुन्या बॅटऱ्यांचे काटे

पेसाहची साफसफाई सुरू झाली की घरातील एकूणएक खण उपसला जातो. हामेत्सचा कण शोधता शोधता अलीकडे हाती लागतात ते बंद पडलेले मोबाइल, पोट फुगलेली पॉवर बँक, नातवाच्या खेळण्यातील बॅटरी. हे सारे एका पिशवीत कोंबून कचऱ्याच्या पेटीत टाकले की घर स्वच्छ झाल्याचे समाधान आपण मानतो. घर स्वच्छ होते खरे, पण धोका नाहीसा होत नाही. तो दुसऱ्याच्या दारी जातो. या विषयावर चार शब्द लिहिणे आम्हास अगत्याचे वाटते.

बहरीनमधील सित्रा बेटाचेच उदाहरण घेऊ. २०२० साली इस्राएल व बहरीन यांच्यात संबंध जुळल्यापासून हा चिमुकला देश आपल्या बोलण्यात येऊ लागला आहे. १९६५ साली स्वतःचा दिनार निघेपर्यंत तेथे रुपयाच चालत होता, हे आपल्या वडीलधाऱ्यांपैकी कित्येकांना आठवत असेल. १९३२ साली तेथे तेल लागले, १९३६ साली शुद्धीकरणाचा कारखाना सुरू झाला, आणि एकेकाळी खजुरीच्या बागांचे असलेले सित्रा बेट तेलाच्या टाक्यांचे व कारखान्यांचे बेट झाले. कोकणात घाण्यावर तेल गाळणाऱ्या शनिवार तेल्यांच्या वंशजांना अशा तेलाच्या गावाविषयी थोडी आपुलकी वाटली तर नवल नाही!

सित्र्याच्या दक्षिणेस १९७१ पासून ॲल्युमिनियमचा प्रचंड कारखाना चालू आहे. जेथे एवढी धातू वितळते तेथे तळहाताएवढी बॅटरी वितळवणे अवघड ते काय, असे कोणी विचारील. अडचण नेमकी येथेच आहे. १९९१ साली बाजारात आलेली ही लिथियम-आयन बॅटरी म्हणजे एकाच धातूचा गोळा नव्हे. तांब्याचा व ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, ग्रॅफाइट, कोबाल्ट, निकेल, लिथियम आणि पेट घेणारा द्राव अशा अनेक वस्तूंची ती घट्ट गुंडाळी असते. दोन थरांमधील पडदा कागदासारखा पातळ असतो. तो चेपला वा फाटला की आतल्या आत ठिणगी पडून आग लागते. त्यातील क्षाराचा पाण्याशी संयोग झाल्यास घातक आम्ल तयार होते. ती सरळ भट्टीत घातली तर कोबाल्ट, निकेल व तांबे हाती येतात, पण लिथियम आणि ॲल्युमिनियम मळीत जातात. सगळे मिळवायचे तर आधी उरलेली वीज काढून टाकावी लागते, हवा बंद ठेवून चुरा करावा लागतो, आणि त्यातून निघालेली काळी भुकटी आम्लात विरघळवून एकेक धातू वेगळी करावी लागते. असा कारखाना चालायचा तर त्याला माल अखंड मिळाला पाहिजे. लहान देशाच्या खणांतून तो किती निघणार? मग जहाजाने बाहेर पाठवणे आले, त्यासाठी १९८९ च्या बाझेल करारानुसार परवानगी आली, आणि आखाती उन्हाळ्यात फुगलेल्या बॅटऱ्या जपून ठेवणे आले. शिवाय हल्ली स्वस्त पडणाऱ्या लोह-फॉस्फेटच्या बॅटरीत कोबाल्टच नसतो. तिला भंगाराचा भाव तरी कोण देणार?

इस्राएलही लहानच देश. येथे २०१२ साली कायदा झाला व मार्च २०१४ पासून तो अमलात आला. उत्पादक व आयातदार यांच्यावर जबाबदारी टाकण्यात आली. भारतानेही २०२२ च्या ऑगस्टमध्ये तशाच आशयाचे नियम केले. परंतु खणात पडून राहिलेल्या बॅटरीपर्यंत कोणताही कायदा पोहोचत नाही.

आणि येथे आम्हास थोडे कडू बोलावे लागते. मुंबई-ठाण्याला जाताना आपण जुने मोबाइल आप्तांसाठी नेतो. चालू असेल तोवर ती भेट होय. बंद पडल्यावर तो भंगारवाल्याकडे, तेथून धारावीसारख्या वस्तीत जातो, आणि एखादा पोरगा उघड्या हातांनी तो पेचकसाने उकलतो. उदारपणाच्या नावाखाली आपण आपले काटे त्याच्या अंगणात टाकत असतो.

काट्यांचा उल्लेख आम्ही सहज केलेला नाही. बाबा कमा या ग्रंथात सांगितले आहे की पूर्वीचे सत्पुरुष आपल्याकडील काटे व फुटकी काच स्वतःच्याच शेतात तीन मुठींच्या खोलीवर पुरून ठेवीत, म्हणजे नांगरही अडू नये. रब शेशेत ते जाळून टाकीत आणि रावा तिग्रीस नदीत सोडीत. ही बॅटरी मात्र पुरता येत नाही, जाळता येत नाही आणि नदीतही सोडता येत नाही. तिग्रीसचे पाणी शेवटी जाते कोठे? ज्या आखातात सित्रा आहे, तेथेच!

सिनेगॉगमध्ये जुन्या बॅटऱ्यांसाठी पेटी ठेवावी, असे काहींचे म्हणणे असते. हेतू स्तुत्य आहे, पण आम्ही त्यास अनुकूल नाही. पेटी भरते, न्यायला कोणी येत नाही, आणि शब्बाथच्या दिवशी बंद दाराआड ती पेटली तर सेफेर तोराची काळजी कोण घेणार? त्यापेक्षा बॅटऱ्या विकणाऱ्या दुकानात जी पेटी असते तीत आपण स्वतः नेऊन टाकाव्यात. नेण्यापूर्वी दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावावी. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये. वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात घराबाहेर सावलीत ठेवावी आणि ती कोठे द्यावी हे नगरपालिकेला विचारावे. यंदा पेसाहपूर्वी प्रत्येक घरातील एका तरुणाने आजी-आजोबांच्या खणांपुरते हे काम अंगावर घ्यावे, अशी आमची विनंती आहे.