दोन नावं, एक अल्बम: प्रस्थापित रॉक कलाकार जोडी का जमवतात? मुळशीतल्या नव्या बँडना त्यातून काय शिकता येईल?

एप्रिल २०२५ मध्ये 'ब्लॅक लाइट/व्हाइट नॉइज' हा हार्ड रॉक अल्बम आला. तो काढणाऱ्यांनी बँडला वेगळं नाव दिलेलं नाही. 'स्मिथ/कोत्झेन' ही दोघांची आडनावं, बस्स.

यातले एड्रियन स्मिथ म्हणजे 'आयर्न मेडन'चे गिटारवादक. हा बँड २००८ मध्ये मुंबईत वाजवून गेला होता. दुसरे रिची कोत्झेन. 'पॉयझन', 'मिस्टर बिग' आणि 'द वाइनरी डॉग्ज' या बँडमध्ये त्यांनी काम केलं आहे.

दोघांचं नाव झालेलं आहे, प्रेक्षकही आहेत. मग जोडीनं अल्बम काढायची गरज काय?

हार्ड रॉक म्हणजे नेमकं काय?

इलेक्ट्रिक गिटारचा मुद्दाम खरखरीत केलेला आवाज, जोरकस ड्रम आणि मोकळ्या गळ्याचं गाणं, अशी या संगीताची ढोबळ ओळख. गाणं उभं राहतं ते 'रिफ'वर. रिफ म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारी छोटी, ठसठशीत सुरावट. मुखडा जसा परत परत येतो, काहीसं तसंच.

जोडीचा फायदा काय?

पहिला फायदा मोकळीक. 'आयर्न मेडन'सारख्या जुन्या बँडकडून चाहत्यांना ठरावीक आवाज हवा असतो. स्मिथ तिथे मुख्य गायक नाहीत. कोत्झेनबरोबरच्या अल्बममध्ये मात्र दोघंही गातात आणि दोघंही गिटार वाजवतात.

दुसरा फायदा, निर्णय लवकर होतात. पाच जणांच्या बँडमध्ये तारखा जुळवण्यातच वेळ जातो. या जोडीच्या पहिल्या अल्बमचं रेकॉर्डिंग फेब्रुवारी २०२० मध्ये कॅरिबियन भागातल्या टर्क्स अँड केकोस बेटांवर झालं आणि मार्च २०२१ मध्ये तो बाजारात आला. त्यातल्या काही गाण्यांत ड्रमही कोत्झेन यांनीच वाजवले.

पण दोन मोठी नावं एकत्र आली की जोडी टिकतेच असं नाही. डेव्हिड कव्हरडेल आणि 'लेड झेपलिन'चे जिमी पेज यांनी १९९३ मध्ये 'कव्हरडेल/पेज' हा अल्बम काढला. ब्रिटन आणि अमेरिकेत तो पहिल्या पाचात पोहोचला. त्यानंतर जपानमध्ये मोजके कार्यक्रम झाले आणि जोडी थांबली.

महाराष्ट्रात असं झालं आहे का?

मुंबईत १९८४ मध्ये 'रॉक मशीन' हा बँड सुरू झाला. इंग्रजी रॉक वाजवणारे बहुतेक बँड तेव्हा परदेशी गाण्यांवरच भागवत. 'रॉक मशीन'नं १९८८ मध्ये स्वतःच्या गाण्यांचा 'रॉक अँड रोल रेनेगेड' हा अल्बम काढला. पुढे १९९३ मध्ये बँडनं 'इंडस क्रीड' हे नाव घेतलं आणि १९९७ मध्ये तो थांबला.

त्यानंतर गायक उदय बेनेगल आणि गिटारवादक जयेश गांधी या दोघांनी न्यूयॉर्कमध्ये 'आम्स फॉर शांती' हा नवा प्रकल्प उभा केला. संगीत वेगळं होतं, भारतीय सुरांकडे झुकणारं. पण कारण ओळखीचं होतं: जुन्या नावाच्या चौकटीबाहेर काहीतरी करून पाहणं. 'इंडस क्रीड' २०१० मध्ये पुन्हा उभा राहिला आणि २०१२ मध्ये त्यांचा 'इव्हॉल्व्ह' हा अल्बम आला.

मुळशीचा संबंध कुठे येतो?

पुण्याला लागून असलेल्या मुळशी तालुक्यात, लवळ्याला सिम्बायोसिस आणि फ्लेम ही दोन मोठी विद्यापीठं आहेत. देशभरातून मुलं इथे शिकायला येतात. बँड जमतात आणि शिक्षण संपलं की पांगतातही.

मोठं स्टेजही इथे येऊन गेलं आहे. २०१७ च्या अखेरीस 'सनबर्न' महोत्सव लवळे-बावधन परिसरात झाला. पण तो होता इलेक्ट्रॉनिक संगीताचा.

हार्ड रॉकची अडचण आवाजापासून सुरू होते. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ड्रमचा आवाज त्याच्या कितीतरी वर जातो. म्हणजे सरावालाही ध्वनिरोधक खोली हवी, आणि तिला भाडं पडतं.

पुढची अडचण कमाईची. स्पॉटिफायच्या २०२४ पासूनच्या नियमानुसार, मागच्या बारा महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकलं न गेलेल्या गाण्याला रेकॉर्डिंगची रॉयल्टी मिळत नाही.

म्हणून नव्या कलाकारांसाठीही दोघांचा अल्बम हा परवडणारा मार्ग ठरू शकतो. खर्च दोघांत वाटला जातो आणि दोघांचे श्रोते एकत्र येतात. ड्रम लॅपटॉपवर बसवता येतात किंवा दोन दिवसांसाठी ड्रमवादक बोलावता येतो.

मग गाणं कुणाचं?

खरी मेख इथे आहे. भारतीय कॉपीराइट कायद्यात एका गाण्याचे तीन भाग पडतात: शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग. शब्दांवर पहिला हक्क गीतकाराचा, चालीवर संगीतकाराचा. रेकॉर्डिंगचा मात्र निर्मात्याचा, म्हणजे ते करवून घेण्याची जबाबदारी उचलणाऱ्याचा.

दोघांनी मिळून केलेल्या चालीत कुणाचा वाटा कुठला हे वेगळं काढता येत नसेल, तर ती संयुक्त निर्मिती ठरते. अशा चालीचा कॉपीराइट दोघांपैकी शेवटच्या व्यक्तीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. म्हणजे मैत्री तुटली तरी कागदावरचं नातं संपत नाही.

२०१२ च्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांना एक संरक्षण दिलं. रॉयल्टीतला त्यांचा हक्काचा वाटा वारस किंवा कॉपीराइट संस्था सोडून इतर कुणाच्याही नावे करता येत नाही. पण दोघांत कुणाला किती, हे कायदा ठरवून देत नाही. ते दोघांनीच लिहून ठेवायचं असतं.

स्मिथ आणि कोत्झेन यांच्यासारख्यांकडे करार पाहायला माणसं असतात. वसतिगृहाच्या खोलीत गाणी रचणाऱ्या दोघांकडे ती नसतात. त्यांचं गाणं एखाद्या जाहिरातीसाठी कुणी मागितलं, तर पहिला प्रश्न येईल: होकार कुणी द्यायचा आणि पैसे कुणाच्या खात्यात जायचे?

त्याचं उत्तर देणारं एक पानही पुरतं: दोघांची नावं, गाण्यांची यादी, प्रत्येकातला वाटा, तारीख आणि सह्या. ते पहिल्या रेकॉर्डिंगच्या आधी, दोघांचं एकमेकांशी पटत असतानाच लिहिलेलं बरं.