धावण्याआधी घरात व्हायला हवे असे बोलणे

अटल सेतूची लांबी २१.८ किलोमीटर आणि अर्धमॅरेथॉनचे अंतर २१.०९७५ किलोमीटर. हा निव्वळ योगायोग आहे, पण उलव्यात राहून धावणाऱ्याच्या नजरेतून तो सुटणे अवघड. शिवडीहून निघालेला सेतू समुद्र ओलांडून शिवाजीनगरजवळ उलव्याला उतरतो आणि पुढे चिर्ल्याकडे जातो. एरवी त्यावर पादचाऱ्याला पाऊल ठेवता येत नाही. दुचाकी आणि रिक्षालाही बंदी आहे. तरीही १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झाल्यावर पाच-सहा आठवड्यांतच वाहतूक थांबवून त्यावर मॅरेथॉन भरवली गेली. मुंबईत २००४ मध्ये सुरू झालेली मोठी मॅरेथॉन आता जानेवारीतला सणच झाला आहे. खाडीच्या अलीकडच्या वस्त्यांनाही धावण्याची ही ओढ लागली आहे.

उलवे अशा ओढीला पोषकच आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये खारकोपरपर्यंत लोकल आली, सेक्टर भरत गेले, रुंद रस्ते झाले आणि पहाटे त्यावर गर्दी कमी असते. राहायला आलेली बरीच कुटुंबे तिशी-चाळिशीतली. साहजिकच इथे एकट्याने धावणाऱ्यांबरोबर जोड्याही दिसतात: नवरा-बायको, दोघे भाऊ, बाप आणि कॉलेजातली मुलगी. स्पर्धेची नोंदणीही दोघांची एकदम होते. घरातले माणूस सोबत असेल तर पहाटे साडेचारचा गजर बंद करून पुन्हा झोपणे कठीण जाते, हे खरेच आहे. सराव टिकवण्याचा याहून स्वस्त आणि खात्रीचा उपाय वैद्यकशास्त्राकडे नाही.

मात्र एकाच घरातली दोन माणसे धावतात, तेव्हा शेजारी-शेजारी पळणाऱ्या दोन अनोळखी माणसांपेक्षा एक गोष्ट वेगळी असते. रक्ताचे नाते असेल तर त्यांची जनुके सामायिक असतात. नवरा-बायको असतील तर स्वयंपाकघर, मीठ, तेल आणि झोपेच्या वेळा सामायिक असतात. धोकाही त्यामुळे बऱ्याचदा सामायिक असतो. नोंदणीचा अर्ज मात्र प्रत्येकाचा स्वतंत्र भरला जातो.

जिम फिक्स हे नाव आज फारसे कुणाला आठवत नाही. अमेरिकेत सामान्य माणसाला रस्त्यावर धावायला लावण्यात त्यांच्या १९७७ च्या पुस्तकाचा मोठा वाटा होता. पस्तिशीत ते लठ्ठ होते, सिगारेटी ओढत. धावायला लागले, वजन उतरवले, सिगारेट सोडली. २० जुलै १९८४ रोजी, वयाच्या ५२ व्या वर्षी, रोजच्यासारखे धावायला गेले असताना रस्त्यावरच त्यांचा मृत्यू झाला. शवविच्छेदनात हृदयाच्या तिन्ही प्रमुख रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या आढळल्या. त्यातली एक जवळपास पूर्ण बंद होती. तेव्हा ‘धावून काय मिळाले?’ असा उपहास जगभर झाला. तो अन्यायाचा होता, कारण फिक्स यांच्या वडिलांना पस्तिसाव्या वर्षी हृदयविकाराचा पहिला झटका आला होता आणि त्रेचाळिसाव्या वर्षी ते गेले होते. मुलगा वडिलांपेक्षा नऊ वर्षे जास्त जगला. त्यातली काही वर्षे धावण्यानेच मिळवून दिली असावीत. पण घराण्याचा धोका धावण्याने पुसला जात नाही, तो मागे रेटला जातो. छातीत काही जाणवले तर त्याचा अर्थ वडिलांच्या वयाकडे बघून लावायचा असतो.

दक्षिण आशियातल्या माणसाला हे जास्तच लागू पडते. ‘इंटरहार्ट’ या ५२ देशांतल्या अभ्यासात पहिल्या झटक्याचे मध्य वय आपल्याकडे ५३ निघाले. इतर देशांत ते ५९ च्या जवळ होते. म्हणजे उलव्यातला पंचेचाळिशीचा बाप मुलीसोबत पहिली अर्धमॅरेथॉन धावायला उतरतो, तो नेमका या वयाच्या उंबरठ्यावर.

घराण्याचा इतिहास काढायचा म्हणजे काय, हेही नीट समजून घ्यायला हवे. ‘घरात कुणाला हृदयविकार?’ या प्रश्नाला आपल्याकडे ‘नाही’ असे उत्तर पटकन येते. पुढे बोलत राहिले की वेगळी वाक्ये ऐकू येतात. आजोबा शेतावर कोसळले, ऊन लागले म्हणतात. काका वरातीत नाचता-नाचता गेले. मामांना गॅस झाला होता, रात्री झोपेतच संपले. पट्टीचा पोहणारा चुलतभाऊ खाडीत बुडाला. यातले प्रत्येक वाक्य डॉक्टरला थांबून ऐकावेसे वाटते. हृदयाच्या विद्युत लयीचा एक आनुवंशिक विकार नेमका पोहताना डोके वर काढतो, त्यामुळे चांगल्या पोहणाऱ्याचे बुडणे ही हृदयाचीही खूण असू शकते. हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आनुवंशिक विकार साधारण पाचशेत एकाला असतो. जन्मतःच कोलेस्टेरॉल फार जास्त असण्याचा विकार अडीचशे-तीनशेंत एकाला. दोन्हींत आई किंवा वडिलांपैकी एकाला विकार असेल तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी. म्हणून बापाचा कोलेस्टेरॉलचा अहवाल फार वाईट आला, तर मुलीचीही तपासणी त्याच आठवड्यात व्हायला हवी, ती बावीस वर्षांची आणि सडपातळ असली तरी.

वडील किंवा भावाला ५५ वर्षांच्या आत, आई किंवा बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल तर तो धोक्याचा इतिहास मानतात. असा इतिहास असलेल्याने, किंवा धावताना कधी घेरी आली, छाती दाटली असेल त्याने, सरावाआधी डॉक्टरला भेटावे. इतरांना रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि चाळिशीपुढे एक ईसीजी पुरेसा होतो. हे सगळे सरकारी रुग्णालयात नाममात्र खर्चात होते. पॅकेजमधल्या स्ट्रेस टेस्टबद्दल एक इशारा मात्र द्यायला हवा. ती वाहिनीतला मोठा अडथळा दाखवते. चाळीस टक्क्यांचा, आज शांत असलेला आणि उद्या फुटू शकणारा थर तिला दिसत नाही. ‘टेस्ट नॉर्मल आली’ हा परवाना समजून छातीतली कळ अंगावर काढणारे लोक कमी नाहीत.

इतके सांगितल्यावर धावणेच नको, असा अर्थ कुणी काढू नये. अमेरिकेत २००० ते २०१० या काळातल्या सुमारे १ कोटी ९ लाख मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन धावकांची नोंद तपासली गेली, तेव्हा ५९ जणांचे हृदय शर्यतीत थांबल्याचे आढळले. अर्धमॅरेथॉनपुरते बोलायचे तर प्रमाण सुमारे पावणेचार लाखांत एक. पूर्ण मॅरेथॉनमध्ये त्याच्या जवळपास चौपट. त्या ५९ पैकी ४२ दगावले. पुढे २०१० ते २०२३ या काळातल्या २ कोटी ९३ लाख धावकांचा हिशेब २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. हृदय थांबण्याचे प्रमाण साधारण तेवढेच राहिले होते, पण १७६ पैकी ५९ जण गेले, उरलेले वाचले. फरक पडला तो आसपासच्या माणसांनी लगेच छाती दाबायला सुरुवात केल्याने आणि विजेचा झटका देणारी यंत्रे मार्गावर असल्याने. मुंबईच्या जानेवारी २०२४ च्या मॅरेथॉनच्या दिवशी दोन धावकांचा मृत्यू झाला होता. मोठ्या शर्यतीत वैद्यकीय पथके असतात. रविवारी सकाळी उलव्याच्या रिकाम्या रस्त्यावर सोबत असते ते घरातलेच माणूस.

त्या माणसाला दोन गोष्टी यायला हव्यात. कोसळलेला माणूस हाकेला उत्तर देत नसेल, श्वास नसेल किंवा विचित्र आचके देत असेल, तर १०८ ला फोन लावून, स्पीकर चालू ठेवून, छातीच्या मध्यभागी दोन्ही तळव्यांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबत राहणे. तोंडातून श्वास देता आला नाही तरी चालते. अर्ध्या दिवसात शिकता येणारे हे काम आहे. धावण्याचे बूट घेताना आपण त्याहून जास्त वेळ दुकानात घालवतो.

दुसरी गोष्ट वेगाची, आणि तिथे नाती आड येतात. अनोळखी माणूस पुढे गेला तर आपण त्याला जाऊ देतो. मुलगी पुढे जाऊ लागली की बापाचा पाय आपोआप उचलतो. नवरा मागे वळून ‘चल, अजून थोडेच’ म्हणाला की बायको दम कोंडून धावते. तिशीनंतर शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता दर दशकाला सुमारे दहा टक्क्यांनी घटते. नियमित सराव असेल तर कमी. म्हणजे मुलीला जो वेग गप्पांचा वाटतो, तो बापाला कमाल क्षमतेच्या जवळ नेणारा असू शकतो. याला घड्याळापेक्षा चांगला मापक जोडीतच आहे. मागच्याने सलग एक वाक्य बोलून दाखवायचे. वाक्य मध्येच तुटले तर पुढच्याने वेग कमी करायचा. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गटाची गोळी चालू असेल तर घड्याळावरचे ठोके तसेही फसवे असतात, कारण ती गोळी ते वाढूच देत नाही.

मिलिंद सोमण २०१६ मध्ये अहमदाबादहून मुंबईला धावत येत होते, तेव्हा वाटेत त्यांच्या आई उषा सोमण साडीत, अनवाणी, काही अंतर त्यांच्यासोबत धावल्या. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आईच्या बरोबरीने मुलगा धावतो आहे, ती चित्रफीत घराघरांत पाहिली गेली. ती पाहून किती आयांना बूट आणून दिले गेले असतील! पण उषाताई त्याआधी अनेक वर्षे डोंगर चढत होत्या. पाच किलोमीटर सहज धावणाऱ्यालाही अर्धमॅरेथॉनसाठी तीन-चार महिने लागतात. न धावणाऱ्याने आधी त्या पाचपर्यंत पोचायचे असते, आणि त्याला लागेल तेवढा वेळ लागू द्यायचा असतो.

बायकांच्या बाबतीत आणखी एक तपासणी राहून जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. नवरा आठ किलोमीटर धावतो आणि ती तिसऱ्यालाच धापा टाकते, याचा दोष ‘स्टॅमिना’ला दिला जातो. हिमोग्लोबिन नऊ असताना स्टॅमिना वाढवायला धावणे म्हणजे अर्ध्या टाकीवर घाट चढणे. आधी लोह, मग अंतर.

उलव्याची म्हणून एक वेगळी अडचण आहे, ती हवेची. विमानतळासाठी इथली टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळवला गेला. डिसेंबर २०२५ पासून विमाने उडू लागली तरी आजूबाजूची बांधकामे संपलेली नाहीत, डंपरची ये-जा चालूच आहे. धावण्याचा हंगाम म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी, कारण तेव्हा गारवा असतो. पण त्याच महिन्यांत पहाटे थंड हवा जमिनीलगत अडकते आणि धूळ-धूर तिथेच साचतो. बसलेला माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा आत घेतो. धावणारा साठ-सत्तर, तीही तोंडाने, नाकाची गाळणी टाळून. सूक्ष्म कणांची चोवीस तासांची भारतीय मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची १५. मोबाइलवर आकडा पाहून लांब पल्ल्याचा दिवस पुढे-मागे करणे हे आळसाचे लक्षण नव्हे. जोडीतल्या एकाला दमा असेल तर त्या दिवशी दोघांनी घरातच व्यायाम करावा. मार्चनंतर उलट हिशेब: हवा थोडी मोकळी, पण खाडीचा दमटपणा घाम सुकू देत नाही आणि शरीर तापत जाते.

पाणी तहानेनुसार प्यावे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावकांपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातले सोडियम कमी झालेले आढळले, आणि त्यामागचे मोठे कारण गरजेपेक्षा जास्त पिणे हे होते. प्रेमापोटी प्रत्येक स्टॉलवर सोबत्याच्या हातात बाटली कोंबणे म्हणूनच बरे नव्हे. गुडघ्याची वेदनाशामक गोळी ‘मला उपयोग झाला, तूही घे’ म्हणत शर्यतीआधी वाटून घेणे त्याहून वाईट. निर्जलीकरणात ती मूत्रपिंडाला इजा करू शकते. ताप येऊन गेला असेल तर त्या आठवड्यात धावू नये, कारण विषाणूची सूज हृदयाच्या स्नायूलाही असू शकते. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर वेगाने उतरवणारी गोळी चालू असेल तर शर्यतीच्या दिवसाचा डोस डॉक्टरकडून ठरवून घ्यावा आणि खिशात साखर ठेवावी, दोघांच्याही.

कोण कुणासाठी थांबणार, हेही आदल्या रात्रीच ठरलेले बरे. एकाला छाती दाटली, डोळ्यांपुढे अंधारी आली, बोलणे विसंगत झाले, तर दुसऱ्याची शर्यत तिथेच संपते. पदकाचा विचार तेव्हा सुरू करायचा नसतो. आणि छातीवर लावायच्या क्रमांकाच्या मागच्या बाजूला रक्तगट आणि संपर्काचा नंबर लिहायची जागा असते. तिथे नवरा बायकोचा आणि बायको नवऱ्याचा नंबर लिहिते, आणि दोघांचेही मोबाइल सुरुवातीच्या जागी जमा केलेल्या पिशवीत असतात. नंबर घरी थांबलेल्या तिसऱ्या माणसाचा लिहावा, आणि कुणाला कोणती औषधे चालू आहेत हे त्याला माहीत असावे.